परवान्याच्या दिवशी कचेरीत आलेली बाई

आमच्या घरी कुणी भुताखेताची गोष्ट काढली की वडील आईला सांगायचे, "याला आधी जेवायला वाढ. रिकाम्या पोटी असंच दिसतं." त्या घरात मी वाढले. पुढे नर्सिंग केलं. माणसं जन्मताना पाहिली, मरताना पाहिली... मेल्यावर कुणी परत आलेलं पाहिलं नाही. या सदरातले अनुभव मी नेमानं वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसतेही. आज मात्र स्वतःच लिहायला बसले आहे. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

गोष्ट बऱ्हाणपूरची, दुसऱ्या महायुद्धातली. शनवारा दरवाज्यातून आत आलं की एका गल्लीत बायकांचा छोटा दवाखाना होता. गावातल्या एका व्यापाऱ्यानं बायकोच्या आठवणीत बांधलेला. खाली दोन खोल्या, मागं विहीर, वर डॉक्टरीणबाईंची राहायची खोली. मी तिथं नर्स होते. विशी नुकतीच ओलांडली होती.

डॉक्टर होत्या एल्साबाई. मूळच्या व्हिएन्नाच्या. ज्यू होत्या म्हणून तिथून जीव घेऊन निघाल्या, आणि इथं आल्या तर पासपोर्ट जर्मनीचा (ऑस्ट्रिया तेव्हा जर्मनीनं गिळला होता), म्हणून इंग्रज सरकारच्या लेखी शत्रूच्या देशातल्या. ज्यांच्यापासून पळाल्या त्यांच्यातच मोजल्या गेल्या. सुरुवातीला त्यांना नजरकैदेच्या छावणीत ठेवलं होतं. मग कुणीतरी हमी घेतली आणि त्या बऱ्हाणपुरात आल्या. पण राहण्याचा परवाना ठरावीक मुदतीचा. मुदत संपली की कोतवालीत, म्हणजे पोलीस कचेरीत, जाऊन वाढवून घ्यायचा. त्यासाठी खांडव्याहून एक साहेब यायचे, एका दिवसापुरते. तो दिवस चुकला तर परत छावणी. शिवाय परवानगी काढल्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हीसुद्धा अट.

मी त्यांच्याबरोबर जायची, कारण त्यांचं मराठी-हिंदी सगळं एकत्र कालवलेलं असायचं. साहेब नागपूरकडचे, शांत माणूस. दर वेळी तेच प्रश्न. कुठं राहता, काय करता, शत्रूच्या देशात नातेवाईक कोण?

"आई," बाई सांगायच्या. "फक्त आई."

आईची पत्रं केव्हाच बंद झाली होती. तरी हे उत्तर देताना बाई ताठ बसायच्या. जणू तेवढं म्हटल्यानं ती तिथं सुखरूप राहणार होती.

त्या वर्षी दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. ऊन असं की दुपारी विहिरीचा कठडा हाताला चटका द्यायचा. परवान्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी डोईफोडिया नावाच्या लांबच्या खेड्यातून एक माणूस छकडा घेऊन आला. नाव उखा. दारातच उभा राहिला.

"बाई, घरवालीले कळा येऊन राहिल्या अन् मूल काही येत नाही. सुईण म्हणते, आता माझ्या हातात नाही."

बाईंनी पिशवी उचलली. मी त्यांना बाजूला घेतलं. "बाई, उद्या कचेरीचा दिवस. आणि डोईफोडिया म्हणजे गावाबाहेर... कुणी सांगितलं तर?"

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तू क्लोरोफॉर्म घेतला?"

छकड्यानं पोचेपर्यंत उजाडलं. मूल आडवं होतं. सबंध सकाळ गेली, दुपार गेली. मी मधूनमधून दाराच्या फटीतून उन्हाकडं बघायची — आता साहेब आले असतील, आता नाव पुकारलं असेल. बाईंनी एकदाही बाहेर पाहिलं नाही. ऊन उतरता उतरता मुलगी झाली. आधी रडेना, मग रडली. आईही वाचली. उखा अंगणात मटकन खाली बसला.

तेव्हा कुठं बाईंनी हात धुतले आणि विचारलं, "कचेरी बंद झाली असेल?"

"झाली असेल, बाई."

त्यांनी माझ्या पदराला हात पुसले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात शिरलो ते छकडा थेट कोतवालीवर नेला. ना अंघोळ, ना कपडे बदललेले. साहेब अजून परतले नसतील तर पाया पडू, असं मी मनात घोकत होते. दारात हवालदार उभा होता, ओळखीचा.

"काय बाई, काही राहिलं का?"

"साहेब आहेत?" मी विचारलं.

"आहेत ना, निघूनच राहिले. पण तुमचं तर कालच झालं ना."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं बोलतोय. आत गेलो. साहेब फायली बांधून घेत होते. बाईंना बघून त्यांनी खुर्ची दाखवली आणि टेबलावरचा एक कागद पुढं केला.

"बरं झालं आलात. काल परवाना बाकावरच विसरून गेलात. मी दवाखान्यात पाठवणारच होतो."

नवा परवाना. मुदत वाढवलेली. बाईंचं नाव. जुना परवाना बाईंच्या पिशवीत होता, ती पिशवी रात्रंदिवस आमच्याबरोबर होती.

बाईंनी तोंड उघडलं. त्या खरं सांगणार हे मला कळलं, त्यांचा स्वभावच तसा. मी टेबलाखालून त्यांचा हात घट्ट धरला. खरं सांगायचं म्हणजे डोईफोडिया सांगायचं, आणि डोईफोडिया म्हणजे छावणी.

साहेब उठता उठता थांबले. आवाज उतरवून म्हणाले, "आईंचं ऐकून वाईट वाटलं. काल तुम्हाला जास्त विचारलं नाही. तुमची अवस्था बघवत नव्हती. एकदम वय वाढल्यासारखं दिसत होतं."

"माझी आई?" बाई म्हणाल्या.

"मी नेहमीसारखं विचारलं, तिकडं नातेवाईक कोण. तुम्ही म्हणालात, आई आता नाही. तसंच लिहिलंय मी." त्यांनी टोपी उचलली. "जपा स्वतःला."

बाहेर येऊन आम्ही दोघी भिंतीच्या सावलीला उभ्या राहिलो. तेवढ्यात समोरून काबुली आगा आला. हिंग-सुकामेवा विकणारा हा अफगाण म्हातारा. त्यालाही आपला परवाना वाढवून घ्यावा लागायचा, त्यामुळं कचेरीतल्या बाकावर आमची नेहमी गाठ पडायची. बाईंना बघताच तो थांबला.

"डॉक्टरनीजी, अब तबीयत कैसी है?"

"कल आपने मुझे देखा?" बाईंनी विचारलं.

"देखा? बगल में तो बैठी थीं आप। मैंने बादाम दिए, आपने लिए नहीं। पूछा भी, इतनी गर्मी में कोट क्यों पहना है, बुखार है क्या।"

"कोट?"

"हाँ, मोटा, राख के रंग का। एक बटन टूटा था, ऊपर वाला। आप उसी जगह हाथ रखकर बैठी थीं।"

बाई तिथंच पायरीवर बसल्या. आगा घाबरला, पाणी आणायला धावला. मी खाली वाकले. मला म्हणाल्या, "कुसुम, माझ्याकडे कोट नाही. हा आईचा कोट. मी निघाले ना, तेव्हा स्टेशनवर तिनं मला धरलं, घट्ट... तेव्हा बटन तुटलं." मग म्हणाल्या, "लोक आम्हाला बहिणी म्हणत होते. चेहरा एक."

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. छावणी टळली याचा आनंद दोघींपैकी एकीलाही झाला नाही. बाई रुग्ण तपासताना मध्येच थांबायच्या, दाराकडं बघायच्या. संध्याकाळी फिरायला म्हणून निघायच्या आणि कोतवालीसमोर जाऊन उभ्या राहायच्या. एकदा हवालदाराला विचारलं, ती कुठून आली, कुठल्या बाजूला गेली? तो गोंधळला. "तुम्हीच तर गेल्या बाई, राजघाटाकडं. मी सलाम केला तुम्हाला."

आम्ही राजघाटावर गेलो. तापी होती, कपडे धुणाऱ्या बायका होत्या. त्यांच्यातल्या एकीलाही कोटवाली गोरी बाई दिसली नव्हती.

मी माझ्या परीनं फोड करून पाहिली. गावात दुसरी गोरी बाई? नव्हती. साहेबांची चूक? पण साहेब, हवालदार, आगा तिघांचीही? साहेबांनी दया येऊन आपणच परवाना दिला असेल म्हणावं, तर ते असं आईचं खोटं कशाला बोलतील? आणि आगाला त्या बटनाचं कोण सांगणार? रात्री अंथरुणावर पडलं की हेच. वडिलांना सांगितलं, तर पहिल्यांदाच ते जेवायला वाढा म्हणाले नाहीत. नुसते उठून अंगणात गेले.

बाईंना सगळ्यात जास्त काय छळायचं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. "मी तिला सोडून आले, कुसुम. आणि ती माझ्यासाठी इतकी लांब आली. मी त्या वेळी कचेरीत नव्हते. भेट पण झाली नाही." मी म्हटलं, तुम्ही तिथं असता तर ती कशाला आली असती? त्यावर त्या उठून वर आपल्या खोलीत गेल्या.

तरीही आशा सुटत नाही माणसाची. पुढच्या खेपेला साहेबांनी तो प्रश्न वगळला, तर बाई आपणहून म्हणाल्या, "आई आहे, असं लिहा. मला अजून माहीत नाही." साहेबांनी तसं लिहिलं.

युद्ध संपल्यावर बराच काळ गेला आणि त्यांच्या एका लांबच्या नातेवाइकाकडून बातमी आली. आईला इतर पुष्कळ लोकांबरोबर गाडीत घालून पूर्वेकडं नेलं होतं. त्यांच्यातलं कुणीच परतलं नाही. केव्हा, कुठं... कुणालाच सांगता येत नव्हतं.

माझी आई त्या दिवशी दवाखान्यात भाकरी-भाजी घेऊन आली. तिनं बाईंना जवळ बसवून घेतलं. आमच्या बायकांना दुसरं काय सुचणार... म्हणाली, "बाई, गेलेल्याची तिथी माहीत नसेल तर आमच्यात सर्वपित्री अमावास्येला पान वाढतात. तुमच्यात काय रीत आहे मला माहीत नाही. पण माणसाला एक दिवस लागतो आठवायला."

बाईंनी मान हलवली. "मला दिवस माहीत आहे, मावशी."

"त्या नातेवाइकांनी कळवला?"

"नाही. तिनंच सांगितला. कचेरीत येऊन."

पुढं दर वर्षी दसरा-दिवाळीच्या मधल्या त्या दिवशी बाई एक दिवा लावायच्या. सबंध दिवस आणि रात्र तो जळत ठेवायच्या. काही वर्षांनी त्या हिंदुस्थान सोडून बहिणीसारख्या एका मैत्रिणीकडं परदेशी गेल्या, आणि तिथंच वारल्या. आता त्या दिवशी दिवा मी लावते. नातवंडं विचारतात, आजी, तू तर देवाला पण लावत नाहीस, मग हा कुणासाठी?

एका बाईसाठी, मी म्हणते. तिला मी कधी पाहिलं नाही. ती बऱ्हाणपुरात आली होती की नव्हती, हेही मला सांगता येणार नाही. तिच्या येण्यानं तिची मुलगी वाचली, एवढं मात्र मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.