मिलिंदमामांचं नाक

मिलिंदमामा वाईनचा घोट तोंडात घेत, गालांत घोळवत, डोळे मिटून क्षणभर थांबत आणि थुंकून टाकत. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांना फ्रेंच वाईन सुचवणं ही त्यांची नोकरी. एवढी वर्षं त्या कामात काढूनही त्यांनी एक थेंब गिळला नव्हता. नशा चढू नये म्हणून चाखणारे बरेच जण थुंकतात. मामांचं कारण वेगळं होतं. भूमच्या आमच्या घरात रोज संध्याकाळी पंचशील म्हटलं जाई, आणि त्यातलं पाचवं शील मद्य न पिण्याचं.

नोकरी लागली तेव्हा गावात कुजबुज झाली. आजीनं, म्हणजे मामांच्या आईनं, सरळच विचारलं, "दारूचं काम हाय व्हय रे?"

"व्हय. पर वास घ्यायचा, चव बघायची आन् थुंकायचं. पोटात जाणार न्हाय."

"हे मला सांगतुयास, का सोताला?"

"दोघांला बी," मामा म्हणाले. आजीनं पुन्हा तो विषय काढला नाही.

मी भूमलाच शाळेत शिकवते. मामा सुट्टीला आले की मी त्यांना वाईनबद्दल विचारत बसे. बोर्दोची लाल वाईन जुनी झाली की कशी लागते? "पेन्सिल तासल्यागत वास येतो बघ. त्याच्या मागं जांभूळ. आन् जांभळं खाल्ल्यावर जीभ जड व्हती, तशी तुरट." बर्गंडीच्या लाल वाईनबद्दल बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली येई. "ही बोलत न्हाय, पुटपुटती. पुस्तकात चेरी लिवलंय, मला पिकल्या करवंदाचा वास येतो. मग पाल्याखालच्या ओल्या जमिनीचा." ते म्हणत, "ज्या वासाला आपल्या बोलीत नाव सापडलं न्हाय, त्यो वास अजून आपल्याला कळलाच न्हाय."

मग साथीच्या काळात मामांना ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. हॉटेल पुन्हा सुरू झालं तेव्हा साहेबांनी त्यांना समजावलं, "सगळ्या वाईन तुम्हाला तोंडपाठ आहेत. पूर्वीसारखं सांगत राहा. कुणाला कळणार आहे?"

मामा बिनपगारी रजा टाकून भूमला निघून आले. आजीसमोर बसून म्हणाले, "पाचवं शील सांभाळायला थुंकावं लागतं, आई. पर चौथं खोटं न बोलायचं हाय. ते सांभाळायला तोंड उघडून सांगावंच लागतं, की मला वास येत न्हाय." नोकरी राहील की जाईल, त्यांना ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी नाकाला पुन्हा वासांची सवय लावायला सांगितलं होतं. शाळेत जाण्याआधी मी लवंग, गुलाब, निलगिरीचं तेल आणि लिंबाची साल एकेक करून त्यांच्या नाकाशी धरायची. ते डोळे मिटून बसत आणि शांतपणे म्हणत, "न्हाय." आजी दारातून बघत राही. कितीतरी महिने असेच गेले. मला कंटाळा येई, त्यांना मात्र कधी आला नाही. एका सकाळी लिंबाची साल धरली आणि त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. "थांब. लई लांबून कायतरी येतंय."

हळूहळू बरंचसं परत आलं, पण सगळं नाही. पांढऱ्या वाईन त्यांना पुन्हा कळू लागल्या. लाल वाईनला मात्र राखेचा वास येई. तेही त्यांनी हॉटेलात जसंच्या तसं सांगितलं. पांढऱ्या वाईन त्यांच्याकडे राहिल्या, लाल वाईन एका तरुण सहकारी बाईंकडे गेल्या. पगार थोडा घटला.

गेल्या वर्षी मी पुण्याला गेले, तेव्हा त्यांना कामावर पाहिलं. एका वयस्क पाहुण्यांनी बोर्दोबद्दल विचारलं. मामा म्हणाले, "साहेब, आजारानंतर लाल वाईन मला कळत नाही. या बाईंना विचारा, त्यांचं नाक खरं आहे." मी त्यांच्या चेहऱ्यावर कमीपणा शोधत होते. तो कुठंच नव्हता.

पाहुण्यांनी हातातलं वाईनचं कार्ड मिटलं. "नको. तुम्हाला कळते तीच आणा."

मामांनी शाब्ली या पांढऱ्या वाईनची बाटली आणली. चमकत्या पेल्यात जराशी ओतली, वास घेतला आणि म्हणाले, "ओला दगड. हिरवं सफरचंद. आणि अगदी शेवटी किंचित मीठ."

पाहुण्यांनी पेला उचलला. घोट घेताना त्यांनीही डोळे मिटले.