दारातला ट्रे

इस्पितळात त्यांना सगळे 'नंबरवाल्या बाई' म्हणत. तोंडावर नव्हे, पण म्हणत. कॉम्प्युटरचं जाळं सांभाळायचं त्यांचं काम, आणि बाई हट्टी. एकदा डोक्यात घेतलं की संपलं.

त्यांच्या आधीच्या माणसाने सगळा सावळा गोंधळ करून ठेवला होता. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. या गृहस्थाने काय करावं? नवी यंत्रं आली की पत्त्यांचा जो तुकडा रिकामा दिसेल तो चिकटवून मोकळा. एकाच मजल्याचे पत्ते दहा दिशांना. मग कुठला तुकडा कुठे राहतो, हे वाट दाखवणाऱ्या दोन्ही राउटरांना, म्हणजे मुख्य आणि अडीअडचणीला ठेवलेल्या दुसऱ्याला, ओळीओळीने लिहून सांगत बसायचं. एकात लिहिलेली ओळ दुसऱ्यात राहिली, की बसा बोंबलत.

आणि राहिलीच. बाई कामावर आल्यावर एकदा मुख्य केबल तुटली, सगळा भार दुसऱ्या राउटरवर आला, आणि मुलांच्या वॉर्डाची ओळ त्याच्यात नव्हती. रिपोर्ट प्रयोगशाळेत तयार, वॉर्डात पडदा कोरा. तापाने फणफणलेल्या एका पोराचा रिपोर्ट शेवटी सिस्टर जिन्यावरून धावत घेऊन आल्या. पोरगं वाचलं. सिस्टर बाईंना एवढंच म्हणाल्या, "तुमच्या जाळ्यावर माझा भरवसा नाही." त्या दिवसापासून वॉर्डाच्या दारात त्यांनी एक ट्रे ठेवला, असे धावत आणायचे कागद ठेवायला. येताजाता तो ट्रे बाईंच्या डोळ्यांत खुपायचा.

बाईंनी नवी आखणी केली. एका मजल्याला पत्त्यांचा एकच सलग पट्टा, पट्ट्याची हद्द ठरवणारा मास्क नेमका, आणि पुढे वाढायला जागा. राउटरला मजल्यामागे एक ओळ पुरे. विसरायला काही उरायलाच नको.

"चाललंय ना? मग कशाला खाजवून खरूज काढता?" साहेब म्हणाले.

"चालत नाही साहेब, लंगडतंय."

बाईंनी इतकी पाठ धरली की साहेबांनी वैतागून एक रविवार दिला. दुपारी चारपर्यंत सगळे वॉर्ड लागले तर ठीक, नाहीतर जुनं होतं तसं, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

रविवारी सकाळी सासूबाईंनी डबा हातात दिला. "घरातले डबे लावून झाले, आता इस्पितळ लावायला निघाली," म्हणाल्या. पण डब्यात चमचा आठवणीने ठेवला होता.

एकेक मजला लागत गेला. अडलं कुठे? मुलांच्या वॉर्डात. दुसरीकडे कशाला अडेल! सिस्टरांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर वॉर्डातल्या यंत्रांशी बोलत होता, प्रयोगशाळेशी नाही. साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "आता परत फिरवा."

"चार वाजायचेत अजून," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

पत्ता नवा होता, बरोबर होता. मास्क मात्र जुनाच राहिला होता, आणि ऐसपैस. त्या कॉम्प्युटरला वाटत होतं, प्रयोगशाळा आपल्याच खोलीत आहे. तो राउटरच्या दाराशी जाईच ना, खोलीतल्या खोलीत हाका मारत बसलेला. बाईंनी मास्क बदलला. पडद्यावर रिपोर्ट आला.

साहेबांनी सुस्कारा सोडला. सिस्टर रिपोर्ट वाचून म्हणाल्या, "बरं झालं. पण ट्रे राहू दे."

बाईंना ते फार लागलं. 

पुढे काही महिन्यांनी अंगणात खोदकाम करताना मजुरांनी मुख्य केबल पुन्हा तोडली. बाईंना ते दुपारी कळलं, तशा त्या जिन्याकडे धावल्या. धापा टाकत वर पोचल्या, तर सिस्टर निवांतपणे पडद्यावरचा रिपोर्ट वाचत होत्या.

"काय हो, एवढ्या धावत?"

"केबल तुटलीय."

"कधी?"

"सकाळीच."

सिस्टरांनी पडद्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "जाताना दारातला तो ट्रे घेऊन जा," त्या म्हणाल्या. "उगाच अडगळ झालीय."

बाईंनी ट्रे काखोटीला मारला, आणि जिन्यात कुणी नाही असं बघून डोळे पुसले.