भाताचं ताट आणि मच्छीमारांचं हवामान

मुलगा बोटीवर लागला ते साल अठ्ठ्याण्णव. निघायच्या दिवशी तो ताटात अर्धा भात टाकून उठला आणि मी म्हटलं, "माजलास. समुद्रात गेलास की कळेल." तो हसत गेला. माझ्या डोक्यात मात्र ते बोलणं अडकून बसलं. भांडी घासताना तेच, विहिरीवर तेच. येईल त्याला मी तेच सांगायची, निघताना पोराला असं कशाला बोलले.

थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "किती तेच तेच गो? आता रत्नागिरीला ठेवायला लागेल तुला." आमच्या पावसकडच्या गावात रत्नागिरीला ठेवणं म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात. मी धसका घेतला. जेवण तुटलं, छाती धडधडायची. आपल्याला खरंच वेड लागतंय, असं वाटायला लागलं.

यजमान रोज न चुकता रेडिओवर मच्छीमारांसाठीचं हवामान ऐकायचे. आमच्याकडे होडी नाही, जाळं नाही, आंब्याची चार कलमं. मुलगा इराणच्या बाजूला आणि हे ऐकणार आमच्या किनाऱ्याचा वारा. एखाद दिवशी ऐकायचं राहिलं तर बंदरावर जाऊन खलाशांना विचारून यायचे. लोक त्यांना माहितगार म्हणायचे. मला वेडी म्हणायचे.

दोन वर्षं अशी गेल्यावर यजमानच मला शहरात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन निघाले. जाऊबाई दारात हसल्या. हे म्हणाले, "वैनी, ताप आला तर नेत नाही काय?"

माझं सगळं ऐकून बाई यांच्याकडे वळल्या. "तुम्हाला काळजी नाही वाटत?"

"पुरुषमाणसानं काय काळजी करायची."

"रोज समुद्राचं हवामान ऐकतात," मी सांगून टाकलं.

"कुठल्या समुद्राचं?"

"आपल्याच," हे म्हणाले.

"आणि मुलगा?"

"तो लांब." हे टोपी हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "बोटीवर मीच चिकटवला त्याला. ही नको म्हणत होती."

ते त्यांना इतकं खात होतं, हे एका घरात राहून मला ठाऊक नव्हतं.

बाई म्हणाल्या, "तुम्ही काळजी बोलून घोळवता, हे न बोलता घोळवतात. वेडं तुमच्यात कुणी नाही." गोळ्या मला दिल्या. आणि दोघांना सांगितलं, संध्याकाळच्या चहानंतर अर्धा तास पडवीत बसून मनातलं बोलायचं. मग उठायचं. एरवी काळजी आली तर तिला सांगायचं, संध्याकाळी ये.

पहिला आठवडा हे नुसती सुपारी कातरत बसले. मी म्हणायची, "माझं झालं, आता तुमची पाळी." तर म्हणायचे, "वारा पडलाय आज." पुढे बोलायला लागले. मी ऐकण्यात गुंतले की माझं तेवढा वेळ थांबायचं. धडधड पुरती गेली नाही, पण जेवण लागलं.

मुलगा रजेवर आला तेव्हा मी त्या भाताचं काढलं. त्याला आठवेना. म्हणाला, "कालवण खारट झालं असेल." एवढ्यासाठी मी हाडं झिजवली होती.

पलीकडे यांनी रेडिओ लावला.

"बाबा, मी घरात आहे," मुलगा म्हणाला.

"ऐकू दे त्यांना," मी म्हटलं. डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेतच. पण मला त्यांच्या दारापर्यंत यांनी नेलं, आणि तिथं गेल्यावर स्वतःचंही बोलले.