पारीवरची जांभूळ

मातीच्या ढिगावर माझ्या मावसाजींइतका जीव टाकणारा माणूस उभ्या नागपूर जिल्ह्यात सापडायचा नाही. हा ढीग म्हणजे त्यांच्या बोडीची पार. उमरेड रोडकडच्या त्यांच्या गावाबाहेर बोडी आहे, शेतांना पाणी देणारा लहानसा तलाव, आणि ते पाणी अडवून धरणारा मातीचा बांध ती पार. पारीच्या खाली धानाची शेतं, मिरच्यांचे वाफे, काही घरं. पार फुटली तर सगळंच वाहून जाईल हे खरं. पण म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी माणसानं ती अनवाणी चालून यावी? का, तर चपलेतून ओल कळत नाही! मी आठवडाभर मिहानातल्या ऑफिसात डोकं शिजवून रविवारी त्यांच्याकडे जाते, तर "कशी आहेस वं" नाही की "बस" नाही. पहिलं वाक्य, "सांडव्याच्या खाली हातभर आहे पानी." मी म्हणते, "मीही बरी आहे, मावसाजी."

खेकड्यांशी त्यांचं जन्माचं वैर. खेकडा पारीत बिळं करतो आणि बिळातून पाणी वाट काढतं, त्यामुळे पारीवर सापडलेला खेकडा थेट मावशीच्या चुलीवर जातो. रस्सा ओरपताना मावसाजींचा चेहरा न्यायाधीशाचा असतो. "आवडते म्हनून नाही खाऊन राहिलो, सजा देऊन राहिलो," असं म्हणत ते पुन्हा वाढून घेतात. एकदा आमच्या प्रताप नगरच्या फ्लॅटवर मुक्कामाला आले, तर भिंतीवरचा ओलीचा डाग बघून त्यांना घास उतरेना. शेवटी ताटावरून उठले, वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली आणि त्या अनोळखी बाईंना विचारलं, "तुमचं पानी कुठून झिरपून राहिलं, पाहू का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मात्र त्यांना चहा पाजला आणि प्लंबर बोलावला.

पण खेकडे परवडले, पारीवरचं झाड नको! वृक्षारोपणाच्या दिवशी पुढाऱ्यांनी येऊन पारीवर ओळीनं रोपं लावली, नारळ फोडला, फोटो काढले. मावसाजी शेवटपर्यंत हात जोडून उभे. शेवटची गाडी वळणाआड गेली आणि यांनी सगळी रोपं उपटून शाळेच्या कुंपणाला नेऊन लावली. "काहून उपटले गा?" म्हणत सरपंच भांडायला आले, तर हे म्हणाले, "मूळ मातीत शिरते, अन् ते सडलं का तीच पान्याची वाट होते. तुमचा फोटो निघाला ना? मंग झालं." सरपंचांनी वाद घातला नाही. पारीच्या मधोमध एक डेरेदार जांभूळ उभी होती, तिच्याकडे फक्त बोट दाखवलं. "अन् हे?"

ती जांभूळ मावशीची. मावशीचं माहेर एका मोठ्या धरणाच्या पाण्यात गेलं. गाव उठलं तेव्हा कुणी देव उचलले, कुणी छपराचे कवेलू, कुणी दाराच्या चौकटी. मावशीनं अंगणातल्या जांभळीखालचं एक रोप पदराआड आणलं आणि ओल चांगली म्हणून नेमकं पारीवर लावलं. तेव्हा मावसाजींना पारीतलं एवढं कळत नव्हतं, की कळूनही नव्या बायकोपुढं तोंड उघडलं नाही, देव जाणे! झाड वाढलं. मावशी रोज संध्याकाळी त्याच्या सावलीत बसायची आणि बुडालेल्या गावातल्या गल्ल्यांतून आम्हाला फिरवून आणायची. गावभर झाडांवर भाषण देणारा हा माणूस तिच्या शेजारी निमूट बसून ऐकायचा.

गेल्या हिवाळ्यात जांभळीच्या खाली, पारीच्या बाहेरच्या अंगाला, ओल दिसली. मावसाजी म्हणाले, खेकडा. बीळ सापडेना, तरी खेकडाच. बिचाऱ्या खेकड्यांवर इतका खोटा आळ कधी आला नसेल! ते रोज माती थोपटून येत आणि ओल रोज वर येई. मग झिरपणारं पाणी गढूळ यायला लागलं. पारीच्या पोटातली माती जाऊन राहिली आहे आणि पावसात बोडी भरली की खालची घरं धोक्यात आहेत, हे त्यांना न कळायला ते काय पाहुणे होते? त्यांचं जेवण तुटलं. माझ्याशी नीट बोलेनात.

मे महिन्यात मी गेले, तेव्हा भात वाढता वाढता मावशीनंच विषय काढला. "तोडा जी ते झाड."

"जांभळं पिकू दे वं, मंग पाहू," मावसाजी ताटाकडे बघत म्हणाले.

"जांभळं पिकतवरी पाऊस येते. बोडी भरल्यावर मुळं कशी काढान?" ती थांबली, पदरानं हात पुसले. "माहं गाव पान्यात गेलं, तवा मले कोनी इचारलं नाही. या गावाचं मी सांगून राहिली ना."

मावसाजींनी दुसऱ्या कुणाला कुऱ्हाड लावू दिली नाही. झाड पडलं, मग मुळांच्या मागोमाग पार खणली गेली, आणि बारीकसारीक मूळ निघेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. मग चिकण माती थरावर थर, पाणी शिंपडत, चोपून चोपून भरली. आडव्या पडलेल्या फांद्यांना हिरवी जांभळं लगडलेली होती. मावशी त्या दिवशी घराबाहेर आलीच नाही. मला रडू आलं.

पाऊस यंदा धो धो कोसळला. बोडी काठोकाठ भरली, सांडवा वाहिला, आणि पारीच्या बाहेरच्या अंगाला एक थेंब झिरपला नाही. त्यानंतरच्या रविवारी गेले तर दोघं पारीवरच होती. ढग पांगून ऊन चटचटत होतं. मावशी तिच्या जुन्या जागी बसलेली आणि मावसाजी मागे छत्री धरून उभे.

मला हसू आलं. "मावसाजी, बसा ना तुम्हीही."

"सावली म्या तोडली," ते म्हणाले, "आता मलेच उभं राहा लागन."

मावशीचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती पाण्याकडे बघत होती. "आमच्या गावावर बी असंच पानी असन आता," ती म्हणाली, "असंच चुपचाप."

मी मावसाजींकडे पाहिलं. त्यांनी छत्रीचा हात बदलला आणि ती तिच्या बाजूला आणखी थोडी कलती धरली.