बिनपायऱ्यांचा वाटोबा

देव आहे की नाही, या प्रश्नावर ज्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती असे सांगलीत एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आले, ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. देव नाही, अशी त्यांची खात्री होती. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत गावाबाहेर जो एक नवा देव बसला, तोही त्यांनीच बसवला.

काका पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. पत्ता नसलेल्या पाकिटाचा त्यांना जेवढा तिटकारा, तेवढाच पुरावा नसलेल्या बोलण्याचा. सत्यनारायणाला बोलावलं तर ते प्रसाद खात, तीर्थ नाकारीत आणि का नाकारलं ते यजमानांना समजावून सांगत. शेजारच्या एकाला स्वप्नात देवानं दर्शन दिलं, तेव्हा काकांनी रात्री काय जेवलात ते विचारलं आणि वांग्याची भाजी निघाल्यावर विषय संपवला. त्यांची श्रद्धा होती ती फक्त फिरण्यावर. गावाची शेवटची गल्ली संपली की हळदीच्या मळ्यांतून एक पायवाट निघे, ओढा ओलांडून आमराईत शिरे आणि नदीवर जाऊन थांबे. रोज सकाळी काका त्या वाटेनं जात. वाटेवरच्या मळ्याचा मालक, मिशा पांढऱ्या झालेला शेतकरी, रोज विचारी, "मास्तर, कुणीकडं?" काका म्हणत, "फिरायला." तो म्हणे, "ते खरं, पर कुणीकडं?" आमच्याकडे हा प्रश्न म्हणजे नुसता रामराम असतो, पण काका प्रश्नाला प्रश्न समजत आणि रोज नव्यानं उत्तर देत.

मग मावशीचे पाय संधिवातानं गेले. माजघराच्या खिडकीतून तिला परसातली भिंत दिसे, तेवढंच जग उरलं. काकांनी वेताच्या खुर्चीला जुन्या सायकलची चाकं बसवून घेतली. लढाईमुळे टायर मिळेनात, तर चाकांना काथ्याची दोरी गुंडाळली. खुर्ची तयार झाली, पण वाट तयार नव्हती. मळ्याच्या काटेरी कुंपणाचं कवाड एका माणसापुरतं, पुढं गुडघ्याएवढा बांध. काका वर्षभर त्या शेतकऱ्याच्या मागं लागले. तो म्हणे, "आवं मास्तर, बांध फोडला तर पानी शेजारच्या रानात जाईल की. आन् कशापायी? वहिनींनी हवा खावी म्हून?" त्यात कुचेष्टा नव्हती. हवेसाठी बांध फोडतात हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं, एवढंच.

खरी अडचण मात्र घरातच होती. मावशी खुर्चीत बसायलाच तयार नव्हती. "साऱ्या गल्लीतून मला ढकलत नेणार, आणि कुणी विचारलं कुठं निघालात, तर सांगायचं काय? फिरायला? लोक म्हणतील, पाय गेले आणि आता हिला फिरायचं सुचलंय." पत्त्याशिवाय पाकीट हलत नाही, हे काकांइतकं कुणाला कळणार.

त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातला वरवंटा नाहीसा झाला. दर बारशाला शेजारणी तो मागून नेत, पाळण्यात घालायला. तेव्हा कुणाकडे तरी राहिला असेल म्हणून मावशीनं सगळीकडे विचारून पाहिलं. आणि आमराईत, सगळ्यांत मोठ्या आंब्याच्या बुंध्याशी, शेंदूर फासलेला एक देव उभा राहिला.

शेतकऱ्यानं तो बारकाईनं पाहिला. "देव लय गुळगुळीत हाय, मास्तर. कुठनं आला आसंल?"

"पत्ता लिहिलेला नाही," काका म्हणाले.

लोकांनी त्याला वाटोबा म्हणायला सुरुवात केली. नारळ आले, बायाबापड्या येऊ लागल्या, आणि माणसानं वर्षभर मागून जे मिळालं नव्हतं ते देवाला न मागता मिळालं. शेतकऱ्यानं आपण होऊन कवाड रुंद केलं, बांधाखालून पाण्याला नळ घातला आणि वरून माती टाकून सपाट केलं. ओढ्यावर फरश्या पडल्या. मग एका सकाळी मावशी खुर्चीत बसली. गल्लीत जो विचारील त्याला ती ताठ मानेनं सांगत होती, "देवाला." वाटोबासमोर काकांनी खुर्ची थांबवली. तिनं देवाकडे बराच वेळ पाहिलं, हात जोडले आणि म्हणाली, "इथवर आलोच आहोत, तर नदी दाखवा." मग ते रोजचं झालं.

पण देव मोठा झाला की त्याला मोठी माणसं भेटायला येतात. हळदीच्या एका बड्या व्यापाऱ्यानं वाटोबाला उंच चौथरा, पायऱ्या आणि स्वतःच्या नावाची फरशी द्यायचं ठरवलं. आमराईत बैठक भरली. व्यापारी म्हणाले, देव जमिनीवर शोभत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. पायऱ्या झाल्या असत्या तर मावशीला खालीच बसावं लागलं असतं, देवाला आलेली आणि देवापाशी न पोचलेली. आणि ती दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडली नसती, हे काकांना ठाऊक होतं.

काका उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. "काल पहाटे," ते म्हणाले, "देव माझ्या स्वप्नात आला. मला पायऱ्या नकोत म्हणाला. उतार करा म्हणाला."

कुणी हसलं नाही. माझ्या पलीकडे बसलेला तो वांग्याची भाजी जेवलेला शेजारीसुद्धा नाही. मग शेतकऱ्यानं पागोटं सारखं केलं. "माझ्याबी सपनात आल्ता," तो म्हणाला. "ह्येच बोलला." दोन दृष्टान्तांपुढं व्यापाऱ्याचं काही चाललं नाही. त्यांच्या नावाची फरशी तेवढी बसली, ती उताराच्या तोंडाशी.

घरी आल्यावर मावशीनं विचारलं, "काय म्हणाला देव?"

"पायऱ्या नकोत म्हणाला."

"चटणीचं काही बोलला नाही?"

काकांनी काठीची मूठ पुसायला घेतली. मग म्हणाले, "नवा आणतो."

"आणा. तो तिथं बरा आहे."

पुढं काही वर्षांनी मावशी गेली. तेराव्यानंतर काकांनी पुन्हा फिरायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या दिवशी मी बरोबर होतो. शेतकरी कवाडापाशी उभा होता. विचारावं की नाही, असं त्याला झालं असावं. पण तोंडातून निघून गेलं. "मास्तर, कुणीकडं?"

काका थांबले. "देवाला," म्हणाले.

आमराईत त्यांनी हात जोडले नाहीत. उतार चढून ते वाकले, देवावरचं आंब्याचं वाळलं पान काढलं आणि तळवा तसाच ठेवला. एवढे शेंदराचे थर चढले होते, तरी तिच्या हातानं मधे झिजलेला भाग अजून लागत होता.