मचाणाखालचं गणित

"मॅडमले खालीच राहू द्या, सर. आज मशीनची पूजा झाली आहे."

मिलचा मालक शेठ हे मला बोलला नाही. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या सरांना बोलला. माझा एक पाय लोखंडी जिन्याच्या पहिल्या पायरीवर होता. हातात कंपन मोजायचं यंत्र. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. थोड्याच वेळापूर्वी त्यानं मला विचारलं होतं, "गाव कोनतं, मॅडम?" मी म्हटलं, करडी. "करडीत कोनाच्या घरच्या?" मी बाबांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा, अच्छा." त्याचं काम झालं होतं. आमच्याकडे शिकलेल्या माणसाला जात विचारत नाहीत, घर विचारतात.

सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "मॅडम, तुम्ही खालून आकडे लिहून घ्या. वर कोणी का चढेना, काय फरक पडतो?" यंत्र माझ्या हातातून घेतलं आणि लॅब असिस्टंटला दिलं. तो चपला काढून वर चढला. मी पाय खाली घेतला.

मी तेव्हा भंडाऱ्याबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. यंत्रांची कंपनं हा माझा विषय. सर विभागप्रमुख. जूनमध्ये कोणाला तासिका द्यायच्या हे त्यांच्या हातात. बाबा गेल्यावर घर माझ्या पगारावर चालत होतं. त्यामुळे जून जवळ आला की मी सरांसमोर जरा जास्तच हसायची.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि बऱ्याच मोठ्या राईस मिली तिकडच्या जिल्ह्यात गेल्या. इकडे उरल्या त्यांतली ही एक. वरच्या मजल्यावर लोखंडी मचाण, मचाणावर धान आणि तांदूळ वेगळे करणारं मशीन. दिवसभर मागेपुढे हलणारं. मशीन हललं की मचाण हादरायचं. मग मिलवाल्यांनी तेच केलं जे आपण सगळे घरी करतो. हलतंय? ठेवा वजन. तांदळाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, आणून मचाणावर रचले. हादरा वाढला. आणखी कट्टे आणले. आणखी वाढला. मशीन म्हणजे लक्ष्मी, तिची दर शुक्रवारी पूजा. पूजेत कट्ट्यांनाही हळदकुंकू लागलं. आता पूजा झालेल्या कट्ट्यांना उतरवणार कोण? शेवटी तपासणीसाठी शेठनं आमच्या कॉलेजला बोलावलं.

हे मी वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवते. हलणाऱ्या कोणत्याही गोष्टीच्या तीन गोष्टी माहीत पाहिजेत. तिचं वजन, तिचा ताठपणा, आणि तिचं हलणं किती लवकर विरतं ते. हे तीन आकडे मिळाले की अवकल समीकरण मांडता येतं. ते सोडवलं की कळतं, मचाणाची स्वतःची लय काय आहे. मशीनची लय आणि मचाणाची लय जवळ आल्या की हादरा वाढत जातो, शेवटी लोखंड तुटतं. वजन वाढवलं की मचाणाची लय मंदावते. मला संशय होता की प्रत्येक कट्ट्यानं ते लोक मचाणाला मशीनच्या लयीजवळ नेत होते.

पण संशयाला समीकरण म्हणत नाहीत. मोजावं लागतं. आणि मोजणारा मचाणावर होता, मी खाली. माझ्या बाजूला कोंडा झाडणाऱ्या बाया. त्यातल्या दोघी माझ्याच वस्तीतल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी कागदाकडे.

वरून आकडे येत राहिले. रात्री गणित मांडलं, जुळेना. दुसऱ्या दिवशी असिस्टंटला विचारलं, यंत्र कुठं टेकवलं होतं? तो सहज म्हणाला, "कठड्यावर. खांबाजवळ पूजेचे कट्टे होते ना, मॅडम." कठडा! कठडा वेगळा हलतो, मचाण वेगळं. ते सगळे आकडे कठड्याचे होते. मी वर असते तर हे झालंच नसतं. सरांना सांगायला स्टाफरूममध्ये गेले. सर चहा पीत होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "रिझर्वेशनवाल्यांची गणितं अशीच सुटतात."

कोणी हसलं, कोणी हसलं नाही. मला राग यायला पाहिजे होता. आला थकवा. शाळेपासून हेच ऐकत आले होते, शब्द तेवढे बदलायचे. इंजिनिअरिंगला प्रथम श्रेणीत पास होऊनही हेच.

समीकरणातली एक गोष्ट मला नेहमी आवडत आली आहे. मशीन सुरू होतं तेव्हा ते कुठून हललं याचा सुरुवातीला फरक पडतो. थोड्या वेळानं तो फरक विरून जातो. मशीन आपली सुरुवात विसरतं. माणसं विसरत नाहीत. माझ्या आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, घरातले देव काढले, बाबांनी मला शिकवलं, मी इंजिनिअर झाले. आणि शेठला एका प्रश्नात आजोबांच्या आधीचं सगळं सापडलं. त्या मिलमध्ये येणारं धान करडीच्या शेतातल्या बांधीत माझ्या आईनं वाकून रोवलेलं असतं. ते त्याला चालतं.

आकडे कठड्याचे निघाले म्हणून पुन्हा मोजायला गेलो तो सोमवार होता. मी मुद्दाम सोमवार मागितला होता. जिन्याजवळ गेले. शेठ आडवा आला.

"मॅडम, तुमी कायले त्रास घेता? तो असिस्टंट जाते ना वर."

"आज पूजा नाही, शेठ. आज सोमवार आहे."

तो सरांकडे बघून हसला. "समजून घ्या ना, मॅडम. आमच्या घरचे लोक मानतात."

म्हणजे अडचण शुक्रवारची कधी नव्हतीच. माझीच होती. हे मला आधीच माहीत होतं.

सर हळूच म्हणाले, "जून जवळ आला आहे, मॅडम. उगाच कशाला?"

मी यंत्र सरांच्या हातात दिलं. म्हटलं, "सर, मी वर जाऊन मोजीन, नाहीतर हे गणित मी करणार नाही. तुम्ही करा." आवाज मोठा निघालाच नाही. पण बायांनी ऐकला. मी त्यांच्याकडे वळले. "मचाणाखाली बसून झाडू नका, बाई. कट्टे उतरवत नाहीत तोवर नाही. ते पडू शकते."

एकीनं विचारलं, "तू सांगून राहिली ते शेठले समजते का?"

"समजते. तरी मले वर जाऊ देऊन नाही राहिला."

त्या झाडू घेऊन बाहेर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. शेठ ओरडला. मी फाटकाबाहेर पडून एसटीची वाट पाहत उभी राहिले.

जूनमध्ये मला तासिका मिळाल्या नाहीत. घरी सांगितलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. "आता खाशील काय?" एवढंच विचारलं. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "पाहू. धानाच्या रोवण्याले मी जाऊनच राहिली ना."

पावसाळ्यात सरांचा फोन आला. मचाणाच्या एका खांबाला तडा गेला होता. कोणी खाली नव्हतं. "मॅडम, घरूनच सोडवून द्या ना. आकडे मी पाठवतो. पुढच्या सत्रात तासिकांचं बघू." नोकरी पुन्हा हातात येत होती. घरात तेव्हा नोकरीची किती गरज होती हे मलाच माहीत. मी विचारलं, "आकडे कोणी घेतले?" "तो असिस्टंटच गेला होता वर." मी फोन ठेवला.

परवा दुसऱ्या कॉलेजात मुलाखतीला गेले. समोरच्यांनी विचारलं, "बाहेरची तपासणीची कामं कराल ना?" आणि लगेच, "गाव कोणतं तुमचं?"

"करडी," मी म्हटलं. "बौद्धांच्या घरची. कामं करीन. पण मचाणावर मी चढणार, यंत्र मी लावणार, अहवालावर सही माझी. हे जिथं जमणार नाही तिथं मला नेऊ नका." त्यांनी कागद चाळले. नोकरी मिळेल असं वाटत नाही. नाही मिळाली तर तिसरीकडे जाईन आणि हेच सांगीन. जिथं माझ्या हाताचा विटाळ होतो, तिथं माझं डोकं मिळणार नाही.