तेरवीच्या कार्डावरची नक्षीदार अक्षरं

आमच्या बाबांच्या तेरवीला दोघं-तिघं आहेर घेऊन आले, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

बाबा गेले ते ऐन वैशाखात, ऐंशीच्या दशकातल्या एका भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात. पांढुर्ण्यात गल्लोगल्ली मांडव आणि बँड, आणि आमच्या घरी सुतक. मागे राहिलो आई, धाकटी बहीण मंदा आणि मी. मंदा लग्नाची होती. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो, म्हणजे गावातल्या अर्ध्या पाट्या आणि स्नेहसंमेलनाचे सगळे पडदे माझ्या हातचे. अक्षरातलं मला कळतं, असा एक ताठा अंगात होता. (गावात तो फक्त मलाच होता.)

आईला तेरवीची एकच काळजी होती, सौंसरचे काका येतात की नाही. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं, आणि भांडणाचं कारण चक्क छापील होतं! काकांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत बाबांचं नाव अगदी तळाला, बारीक अक्षरात, मुलीच्या मामांच्याही खाली आलं होतं. बाबांनी ती पत्रिका भिंग लावून वाचली आणि लग्नाला गेले नाहीत. मग काकांनीही आमच्या घरी पाऊल टाकलं नाही. बाबा गेले त्या दिवशी आम्ही सौंसरला माणूस धाडला, तर दाराला कुलूप. बसस्टँडवर त्याला कळलं की काका-काकू काशीयात्रेच्या बसमध्ये बसून केव्हाच निघून गेलेत, आणि तो तसाच परतला. भावाला भावाचं तोंडही शेवटचं दिसलं नाही.

"तेरवीले तरी भाऊजी आले पाह्यजे रे," आई रडत म्हणाली. "तुह्या बाबाह्यचा जीव अटकून असन त्याच्यात."

माझं डोकं लगेच चाललं. जे बारीक अक्षरानं मोडलं, ते मोठ्या अक्षरानं जोडायचं. तेरवीच्या कार्डावर बाबांच्या नावाच्या तोडीस तोड काकांचं नाव छापायचं, निमंत्रक म्हणून, सगळ्यांच्या वर.

आता आमच्याकडे तेरवीच्या कार्डाची एक ठरलेली रीत आहे. पातळ कागद, काळी शाई, साधी अक्षरं आणि एक कोपरा फाडलेला. पोस्टमन ते हातात देतो, माणूस उंबऱ्याबाहेर उभ्यानंच वाचतो आणि तिथंच फाडून टाकतो. घरात नेत नाहीत. बाजारातल्या प्रेसवाल्या रामभाऊंकडे या कामाचे शिशाचे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं, वेगळे ठेवलेले होते. आयुष्यभर मयतांची नावं छापून ते इतके घासले होते की प्रूफात बाबांच्या नावाची शिरोरेखा जागोजाग तुटली होती आणि एक वेलांटी तर उमटलीच नव्हती. बाबांनी पुन्हा भिंग मागितलं असतं.

मी दुसरे खिळे मागितले.

"दुसरे लग्नाचे हाये, मास्तर," रामभाऊ म्हणाले. "नक्षीचे. नागपूरवरून नवेकोरे आनले. पन मयताच्या कामाले ते कोनी लावत नाई."

"अक्षराले काय सुतक असते काय?" मी म्हणालो.

हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं.

रामभाऊंनी मान हलवली आणि जुळणीला बसले. दोन्ही भावांची नावं आणि तारीख एका मापात, फुलं-पानं फुटलेल्या भरघोस अक्षरांत लागली. ती इतकी भरघोस होती की बाकीच्या मजकुराला जागाच उरली नाही. 'दुःखद निधन' वगैरे तपशील तळाशी मुंग्यांच्या रांगेसारखा लावावा लागला. मग काळी शाई नक्षीच्या पोटात भरू लागली आणि फुलं बुजू लागली. रामभाऊंनी तोडगा काढला, पातळ मरून रंगाची शाई. रद्दीच्या वर्तमानपत्रावर प्रूफ काढलं तर ते छान काळपट आणि गंभीर दिसलं. मी खूश होऊन हो म्हटलं.

पण लग्नसराईत रामभाऊंकडचा साधा कागद संपलेला होता. कार्डं छापली गेली ती पिवळसर चकचकीत जाड कागदावर. त्या कागदावर ती मरून शाई अशी काही उमलली की ठसठशीत कुंकू!

"वाळला का रंग दबते," रामभाऊंनी धीर दिला.

रंग वाळला. दबला मात्र नाही. पण दिवस थोडे होते आणि बाहेरगावची कार्डं त्याच दिवशी टपालात पडायला हवी होती. मी डोळे मिटून ती टाकली. जाता जाता कोपरा फाडायचंही नाकारलं, कारण कोपऱ्यात वेलबुट्टी होती.

त्यानंतर मला कळलं की आमच्या भागात कार्ड कोणी वाचत नाही, ओळखतात. लाल-पिवळं दिसलं की लग्न. बाजारात भेटलेल्या शाळेतल्या एका बाहेरगावच्या सहकाऱ्यानं माझा हात दाबून 'एकदाचं जमलं म्हणायचं' असं म्हटलं. (मी समजलो, बाबा फार दिवस अंथरुणाला होते म्हणून म्हणतोय, आणि त्याचे आभार मानले!) तिगावच्या लांबच्या आत्यांनी निरोप धाडला की त्या दिवशी आणखी दोन लग्नं आहेत, पण आहेर नक्की पोचवू. सावरगावच्या लांबच्या मावशीनं कार्डाला हळदीकुंकू लावून ते देवापाशी ठेवलं. शेवटी बँडवाला दारात येऊन तारीख पक्की करायची का विचारू लागला, तेव्हा आईनं ते कार्ड पहिल्यांदा नीट हातात घेतलं.

"तुहा बाप मेला हे तुले तरी समजलं काय रे?" तिनं विचारलं, आणि पुढे माझ्याशी बोलली नाही.

तेरवीचा दिवस उजाडला. पत्रावळी मांडून झाल्या, आणि दारात रिक्षा थांबली. काका उतरले, एकटेच; यात्रेनं दमलेल्या काकू घरी राहिल्या होत्या. अंगात कडक नवा सदरा, डोक्याला गुलाबी फेटा, बगलेत साडीचा खोका, हातात जामसांवलीच्या मारुतीचा प्रसाद. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यामुळे त्यांनी मला अगदी जवळ येऊन पाहिलं.

"टक्कल काहून केलं बे? नवस होता काय?" ते हसले. "मंदीले साडी आनली. दादा कुठी हाये? पहिले त्याच्या पाया पडतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात आई बाहेर आली. काकांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं, तिच्या कपाळाकडे पाहिलं, आणि तिथंच पायरीवर बसले. फेटा त्यांनी स्वतःच काढला. मंदानं पुढे होऊन त्यांच्या बगलेतला खोका घेतला.

मग ते सांगू लागले. यात्रेहून परतले तेव्हा शेजारणीनं लग्नाचं कार्ड म्हणून ते जपून ठेवलेलं हातात दिलं. तिला आणि काकूंनाही वाचता येत नव्हतं आणि काकांना बारीक दिसत नव्हतं.

"दोघाह्यचे नावं बरोबरीनं दिसले, वयनी," ते म्हणाले. "मले वाटलं दादाचा राग गेला."

आई पदरात तोंड घालून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "गेलाच होता, भाऊजी." ते खरं होतं की नाही, मला ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही.

काका बाबांच्या पानाशेजारी बसले आणि पुरणाचा एक घास कसाबसा गिळला. त्या गर्दीत आई माझ्याशी पहिल्यांदा बोलली. साधं कार्ड असतं तर शेजारणीनं दारातच फाडून फेकलं असतं, एवढंच ती म्हणाली. त्यानं मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

संध्याकाळी मी काकांना बसस्टँडवर पोचवायला गेलो. फेटा पिशवीत होता. त्यांनी खिशातून कार्ड काढलं, डोळ्यांशी नेलं आणि बाबांच्या नावावरून बोट फिरवलं.

"अक्षर मातर झ्याक हाये," ते म्हणाले. बस लागली, तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "पन माह्या वेळेले तू प्रेसमधी जाऊ नको, बाप्पा."

मी मुकाट्यानं हो म्हटलं. आणि हो म्हणता म्हणता मनात आलं की काकांचं नाव तसं लांबलचक आहे, एका ओळीत बसवायचं तर जरा उभट खिळे घ्यावे लागतील.